पट्ट्या क्रमाने लावा

लेबर डेच्या आधीचा शुक्रवार. चौथी ब, वाचनाचा तास.
खिडकीतून येणारा वास नवीन माणसालाच जाणवतो,
आम्हाला त्यावरून एवढंच कळतं की वारा पूर्वेचा आहे.
पूर्वेला कत्तलखाना. नेब्रास्कातलं हे गाव त्याच्यावरच जगतं.

एका पानाच्या सहा-सहा पट्ट्या, असे सव्वीस संच
मी काल रात्री जेवणाच्या टेबलावर कापले,
बापाच्या जुन्या कात्रीने.
त्याची साडेतीन बोटं तिच्यात बरोबर बसायची,
माझी पाच अवघडतात.

वाचा. जोडीदाराला वाचून दाखवा. मग क्रमाने लावा.

'रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीने पगार कापले.
घरंही कंपनीचीच होती. भाडं तेवढंच राहिलं.
कामगारांनी स्ट्राइक केला.'

विल्मेर त्सोक तिथेच अडतो.
"तीन झाले की बाहेर ना, मिस?"
हा वेगळा, मी म्हणते. यात एकातच बाहेर.
तो हसतो, आणि मग हसायचा थांबतो.

एह डो बोट ठेवून वाचतो. 'भाडं'खाली
बोट जरा जास्त वेळ.
हा शब्द त्याला आमच्या शब्दयादीच्या आधीपासून येतो,
घरमालकाची पत्रं घरात तोच वाचून दाखवतो.

न्यूयॉर्कची पहिली मिरवणूक कोणाच्या डोक्यातून निघाली?
सुतार होता एक, म्हणतात. नाही, यंत्रावरचा कारागीर.
आडनावं जवळजवळ सारखी, वाद अजून मिटलेला नाही.
त्या दिवशी सुट्टी नव्हतीच.
चालायला आले त्यांनी दिवसाची मजुरी सोडली होती.

रिकामी जागा भरा:
आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास ________
उत्तरांच्या पानावर छापलंय, 'स्वतःसाठी'.
होदानने लिहिलंय, 'आबो झोपलेले असताना हळू चालणे'.
जागा पुरली नाही, अक्षरं समासात चढली आहेत.
मी लाल पेनाचं टोपण काढलं
आणि परत लावलं.

सगळ्या बाकांवर शेवटची पट्टी एकच:
'राष्ट्राध्यक्षांनी सुट्टीच्या कायद्यावर सही केली.'
साहजिक आहे. गोष्ट गोड संपते
हे बालवाडीपासून आम्हीच त्यांना शिकवलं.
"ती एक जागा वर घ्या," मी म्हणते. "सही जूनच्या अखेरची.
आठवडाही उलटला नाही, त्याच हाताने फौज धाडली."

गोंद वाळलेला. पट्टी उचलताना कागद फाटतो.

"म्हणजे सुट्टी आधी," होदान म्हणते, "आणि शिपाई नंतर?"
हो.
"मग सुट्टी कशाबद्दल दिली?"

पानामागे दहा प्रश्न आहेत, हा त्यांत नाही.
घंटेला चार मिनिटं. मी म्हटलं, मला नीटसं माहीत नाही,
आणि माझाच आवाज मला बापासारखा ऐकू आला.
बोट गेलं त्या दिवशी त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली होती.
भरपगारी, असं तो आल्यागेल्याला
कौतुकाने सांगायचा.

सोमवारी पाव आणायला निघाले.
कत्तलखान्याचा वाहनतळ भरलेला, गवतावरही गाड्या.
आज दीडपट मिळतं.
पांढऱ्या रबरी बुटांत विल्मेरची आई रस्ता ओलांडत होती,
मला बघून तिने हात केला,
मी गाडीतून हात केला,
मागच्याने हॉर्न वाजवला.

मंगळवारी टेबलावर, स्टेपलरखाली, एक पट्टी.
शाळा रिकामी असते म्हणून मिर्साद सुट्टीच्याच दिवशी
फरशीला मेण लावतो. कपाटाखाली सापडली असणार.
तिच्यावर बुटाचा अर्धा ठसा, आणि:
'कंपनीने पगार कापले.'

सव्वीसांत कोणाची तरी गोष्ट
त्याच्याशिवायच सुरू झाली होती.
मी पट्टी उंच धरून विचारलं, ही कोणाची?

चार हात वर आले.